उस्तादच्या व्हॅनचा हीटर

उस्तादने उस्ताद हे नाव स्वतःच स्वतःला ठेवलं. दुसरं कोणी ठेवणं शक्यच नव्हतं, कारण त्याने दुरुस्त केलेली एकही वस्तू नंतर चालताना मी पाहिलेली नाही. घरातला नळ त्याने दुरुस्त केला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई छत्री उघडून स्वयंपाक करत होत्या. बायकोचं शिलाई मशीन "नुसतं तेल घालतो" म्हणून उघडलं आणि शेवटी ते पिशवीत भरून माझ्या दुकानात आलं. मी शिंपीण आहे, अर्धं आयुष्य मशीनवर वाकून काढलंय, पण असं मशीन बघितलं नव्हतं. सगळे भाग तर होतेच, वर दोन स्क्रू जास्तीचे होते.

तर असा हा माणूस आम्हाला हॉस्पिटलात नेतो आणि आणतो. आम्हाला म्हणजे ज्यांच्या किडन्यांनी राजीनामा दिलाय अशा तिघांना. आठवड्यातून तीनदा जाऊन मशीनला जोडून घ्यायचं, अंगातलं रक्त नळीतून बाहेर, तिकडे ते धुऊन निघणार, मग परत आत. आम्ही त्याला धुणं म्हणतो. "उद्या धुणं आहे, लग्नाला येत नाही," असं मी नातेवाइकांना सांगते आणि त्यांना वाटतं की ह्या बाईला कपडे जास्त प्रिय आहेत. वाटू दे.

व्हॅनमध्ये मागे मी आणि पोस्टमनकाका. पोस्टमनकाकांनी जन्मभर इतकी पायपीट केली की आता बसायला मिळालं रे मिळालं, झोपतात. जाताना झोपतात, मशीनवर झोपतात, येताना झोपतात. पुढे उस्तादच्या शेजारी हेडसर. हे खरोखरचे हेडसर, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, आणि उस्ताद त्यांचा विद्यार्थी. सरांनी त्याला विज्ञानात नापास केलं, तो त्याच आठवड्यात शाळा सोडून एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढला. मग ट्रक चालवला, भाजीचा टेम्पो चालवला, बस चालवली, प्रत्येक ठिकाणी मालकाची गाडी स्वतः दुरुस्त केली आणि प्रत्येक ठिकाणाहून त्याला हाकललं. शेवटी बायको हॉस्पिटलात आया म्हणून होती, तिने डॉक्टरांच्या हातापाया पडून ही व्हॅन मिळवून दिली. पहिल्या दिवशी पुढचं दार उघडून बघतो तर काय, हेडसर! वय झालेलं, वाळलेले, पण नजर तीच. सर म्हणाले, "गाढवा, तू जिवंत आहेस?"

तेव्हापासून रोज परीक्षा. सिग्नलला गाडी थांबली की सर विचारणार, "सांग, पाणी किती अंशाला उकळतं?" उस्ताद म्हणणार, "ते गॅसवर अवलंबून आहे, सर." मग सर डोक्याला हात लावणार आणि मी मागे पदरात तोंड खुपसून हसणार. पण हाच गाढव, हॉस्पिटलची लिफ्ट बंद असली की सरांना पाठीवर घेऊन जिने चढतो. सर पाठीवरूनसुद्धा "डावीकडे धर, डावीकडे, भिंत दिसत नाही का तुला?" असं चालूच ठेवतात. मुलगा परदेशात, घरात सर आणि सून. सुनेला ते ओरडत नाहीत, ती बिचारी फार चांगली आहे. ओरडायला त्यांना उस्तादच लागतो.

आता हीटर. आमच्या इथली थंडी म्हणजे नळाला हात लावायची भीती वाटते अशी. त्यात धुणं झाल्यावर तर विचारूच नका. रक्त बाहेरून फिरून आलेलं असतं, थंडी कातडीवर नाही, हाडात असते. दात वाजतात, बोटं वळत नाहीत, आणि घरी पोचेपर्यंत माणसाला जगातल्या कुठल्याच गोष्टीत रस राहत नाही. अशा वेळी गाडीतली गरम हवा म्हणजे आमच्यासाठी अर्धं औषधच. आणि ह्या वर्षी पहिल्याच कडक थंडीच्या दिवशी उस्तादने ऐटीत बटण फिरवलं, पंखा घोंघावला, आणि अंगावर आली ती बर्फासारखी गार हवा.

"तापेल, तापेल," उस्ताद म्हणाला. "आत्ताच तर चालू केलाय."

घर आलं तरी तापला नाही.

मग सुरू झाली उस्तादची उस्तादी. पहिल्यांदा त्याने निकाल दिला की इंजिनातलं पाणी कमी झालंय. ते गरम पाणीच हीटरमधून फिरतं म्हणे, आणि त्याच्यावरून पंखा हवा मारतो. पाणी भरलं. हवा गारच. मग म्हणाला, पाइपात हवा अडकलीय. गाडी चढावर नाक वर करून उभी केली, झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं, आणि पाइप दाबत बसला, गाईचं दूध काढावं तसा. बुडबुडे आले, उस्ताद खूश झाला, हवा गारच. मग म्हणाला, आतली झडप अडकलीय, गरम हवेचा रस्ता बंद झालाय. डॅशबोर्ड उघडला. झडप चांगली होती, दार उघडावं तशी उघडत होती, मिटत होती. डॅशबोर्ड परत बसवला तेव्हा सरांच्या मांडीवर एक प्लास्टिकचा तुकडा उरला.

"हा कुठला?" सरांनी विचारलं.

"तो शोभेचा असतो, सर."

सर काही बोलले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण सर काही बोलले नाहीत असं कधी होत नाही. ते नुसतं उस्तादकडे बघत होते. फळ्यावर चुकीचं गणित लिहिणाऱ्या पोराकडे बघतात तसं.

मध्ये एक दिवस उस्तादने गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणल्या. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक. कल्पना वाईट नव्हती, पण पोस्टमनकाकांची पिशवी गळकी निघाली. ते झोपेत म्हणाले, "अगं, बादली लाव," आणि पुन्हा झोपले. घरी पोचेपर्यंत त्यांची विजार ओली आणि गारठलेली. त्यांना काठीसारखं उभं करून घरात न्यावं लागलं. त्यांच्या बायकोने उस्तादला दारातच जे काय ऐकवलं ते मी इथे सांगत नाही.

मी म्हटलं, "अरे बाबा, मिस्त्रीकडे ने ना गाडी. गॅरेज काय परदेशात आहे?"

"ताई, मिस्त्रीला काय कळतं? ही गाडी माझ्या हाताखाली वाढलीय."

"म्हणूनच आजारी आहे," मी म्हटलं.

आणि मग एका सकाळी आम्ही सरांच्या दाराशी हॉर्न वाजवला आणि सरांऐवजी सून बाहेर आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबा येत नाही म्हणतात."

उस्ताद आणि मी आत गेलो. सर पलंगावर, उशांना टेकून, मफलर गुंडाळून. म्हणाले, "त्या बर्फाच्या पेटीत मी बसणार नाही. मेल्यावर तशी पेटी फुकट मिळते, आत्तापासून सवय कशाला करू?"

"सर, आजचा दिवस चला. मी दोन घोंगड्या—"

"नाही म्हणजे नाही. तो हीटर चालू होईपर्यंत मी येणार नाही. जा."

धुणं चुकवायचं नसतं. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात आणि मग शेजारचा पलंग रिकामा झाला की पुन्हा शिकवतात. एक वेळ चुकली तर अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, दम लागतो. पुढची चुकली तर फुप्फुसात पाणी. त्याच्या पुढचं कोणी बोलत नाही. सरांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्या दिवशी पुढची सीट रिकामी ठेवून आम्ही गेलो. सिग्नलला त्याने सवयीने डावीकडे बघितलं. मला त्याचा इतका राग आला होता की त्याला एक फटका मारावा असं वाटलं, आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

दुसऱ्या दिवशी धुणं नव्हतं. मी दुकान बंद केलं आणि उस्तादच्या घरी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "चल मिस्त्रीकडे. मी येते बरोबर. तुझ्यावर माझा काडीचाही विश्वास नाही." त्याची बायको आतून ओरडली, "ताई, कान धरून न्या त्याला!" तसा तो निघाला. पण रस्ताभर माझ्याकडे बघेना. एवढी थंडी, तरी कपाळाला घाम.

मिस्त्री म्हणजे जाडसर, सावकाश बोलणारा माणूस, सगळ्या जगावर वैतागलेला. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन बराच वेळ चालू ठेवलं, मग हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांना हात लावला. म्हणाला, "एक गरम आणि एक गार असता तर हीटर चोंदलाय म्हटलं असतं. दोन्ही कडक गरम असते तर झडप म्हटलं असतं. हे दोन्ही कोमट आहेत, सकाळी करून विसरलेल्या चहासारखे. हीटर बरा आहे. इंजिनच तापत नाहीये. काटा कुठे असतो?"

गाडीत वाकून बघितलं. जिथे इंजिनच्या तापमानाचा काटा असतो, तिथे एक स्टिकर होतं. गुलाबाचं. मी रोज मागून बघायची आणि मनात म्हणायची, बघा, आपल्या उस्तादला फुलांची आवड आहे. मिस्त्रीने नखाने ते खरवडून काढलं. काटा तळाला झोपला होता, पोस्टमनकाकांसारखा.

"हे कोणी चिकटवलं?"

उस्ताद आभाळाकडे बघत होता.

मिस्त्रीने मग इंजिनाला जाणाऱ्या जाड पाइपाच्या तोंडाशी एक झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, इथे थर्मोस्टॅट असतो. एवढीशी चकती. इंजिन गार असलं की ती पाणी अडवून धरते, तापलं की सोडते. ही जागा रिकामी आहे. पाणी सारखं फिरतंय आणि गार होतंय, तापणार कुठून? हे आपोआप पडत नाही. हे हाताने काढलेलं आहे."

मी उस्तादकडे वळले. तो स्टेपनीवर बसला होता, लहान पोरासारखा.

"उन्हाळ्यात काढली होती," तो म्हणाला. "चढावर गाडी उकळली. मी म्हटलं, ही चकतीच पाणी अडवते, म्हणून उकळते. काढून टाकली. मग नाही उकळली."

मी उन्हाळ्यात आजारीही नव्हते, ह्या व्हॅनमध्ये मी नंतर आले. मी म्हटलं, "म्हणजे तुला माहीत होतं? पहिल्या दिवसापासून?"

"माहीत होतं आणि नव्हतं. मला वाटलं, आधी दुसरं काहीतरी निघेल."

ऐकलंत? आधी दुसरं काहीतरी निघेल! म्हणून ह्या माणसाने पाणी भरलं, हवा काढली, डॅशबोर्ड उचकटला, पोस्टमनकाकांना भिजवलं, आणि काट्यावर गुलाब चिकटवला. मी त्याला गॅरेजमध्ये, चार माणसांसमोर, जे तोंडाला येईल ते बोलले. मिस्त्रीने काम थांबवून ऐकलं. माझं झाल्यावर उस्ताद हळूच म्हणाला, "ताई, काढली तेव्हा सर गाडीत होते. मी त्यांना ती चकती दाखवली. म्हटलं, बघा सर, कंपनीच्या इंजिनिअरांना जे कळत नाही ते तुमच्या नापास पोराला कळलं. सर म्हणाले, गाढवा, ती परत बसव, हिवाळ्यात रडशील. मी म्हटलं, सर, पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

नवीन चकती बसली. काटा वर चढला, मधोमध येऊन थांबला. पंख्यातून गरम हवा आली, अशी की मी स्वेटरचं बटण उघडलं. मिस्त्री म्हणाला, "ह्याला पाना विकू नका कोणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या दारात व्हॅन उभी राहिली, आतून धगधगती. पोस्टमनकाका पहिल्यांदाच जागे झाले आणि म्हणाले, "आग लागली की काय?" त्यांना तिथेच ठेवून आम्ही दोघं आत गेलो.

दोन दिवसांत सर केवढे बदलले होते. चेहरा सुजलेला, पाय पांघरुणाबाहेर, फुगलेले. आडवं झोपता येत नव्हतं, बसूनच रात्र काढली म्हणून सुनेने सांगितलं. श्वास घेताना खांदे वर जात होते.

"सर, हीटर चालू झाला," उस्ताद म्हणाला.

सरांनी डोळे मिटले. "हो का? छान. मग आता मला दुसरं कारण शोधायला हवं."

उस्ताद पलंगाशी खाली जमिनीवर बसला. हात मांडीखाली दाबून. "सर, ती चकती. मीच काढली होती. तुम्ही सांगितलं होतं. मला ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही."

"मला माहीत आहे," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"अरे, पहिल्याच दिवशी गार हवा आली तेव्हाच कळलं. विज्ञान शिकवत होतो मी, भूगोल नाही."

आता माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "वा सर, वा! आम्ही मागे कुडकुडतोय, माझी बोटं निळी पडतायत, पोस्टमनकाका गोठले, आणि तुम्ही पुढे बसून गंमत बघत होता? एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला? हा एक गाढव, आणि तुम्ही त्याचे गुरू शोभता!"

सुनेने तोंडावर हात ठेवला. सरांशी असं कोणी बोलत नाही. पण सर चिडले नाहीत. थांबत थांबत म्हणाले, "आधी वाटलं, हा स्वतः कबूल करेल. वाट बघत होतो. मग वाटलं, नाही केलं तर बरंच आहे." श्वास घेतला. "मला कंटाळा आलाय हो. सुया, वजनकाटा, मोजून पाणी. रोज उठून हिला त्रास. नुसतं 'नको' म्हटलं तर सगळे समजूत घालायला येतात. हीटरमुळे येत नाही म्हटलं की कोणी काही बोलू शकत नाही. चांगलं कारण मिळालं होतं."

सून भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला त्यांचं म्हणणं कळत होतं, फार चांगलं कळत होतं. आम्हा तिघांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी हा हिशोब मनात मांडलेला आहे.

आणि मग उस्ताद उठला. त्याला चिडलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मालकांनी हाकललं तरी हसत घरी येणारा माणूस तो.

"चांगलं कारण?" तो ओरडला. "माझा गाढवपणा हे तुमचं चांगलं कारण? तुम्ही जाणार निघून, आणि मी काय करायचं? रोज त्या व्हॅनमध्ये बसायचं, बटण फिरवायचं, आणि गरम हवा आली की सर माझ्यामुळे मेले म्हणायचं? जन्मभर? मरायचंय ना, मग स्वतःच्या कारणाने मरा! माझा हीटर घेऊ नका! नापास केलंत, काही म्हटलं नाही. गाढव म्हणता, म्हणा. पण हे मी घेणार नाही अंगावर. नाही घेणार!"

सर ताठ बसले. रागाने त्यांचा चेहरा लाल झाला, आणि खरं सांगते, किती दिवसांनी तिथे रंग दिसला. "मूर्खा," ते म्हणाले, "तुला... तुला कोणी सांगितलं... थर्मोस्टॅट काढलास तर काढलास, वर..." पुढचं येईना. खोकला आला. परत सुरुवात केली, "वर तो काटा झाकतोस... फुलाने... अरे, सगळ्या वर्गात तुझ्यासारखा..." पुन्हा दम. हात नुसता हवेत, बोट उस्तादकडे रोखलेलं, आणि शब्द नाही. आयुष्यभर ज्याने भरल्या वर्गाला आवाजाने गप्प केलं, त्या माणसाला एक शिवी पुरी करता येईना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

मी म्हटलं, "सर, बोलायचंय ना त्याला? सगळं बोलायचंय? मग आधी धुऊन या. असं अर्धवट बोललेलं त्याच्या डोक्यात शिरत नाही."

सरांनी रोखलेलं बोट खाली घेतलं. मग सुनेला म्हणाले, "माझा स्वेटर कुठाय?"

उस्तादने पाठ वाकवली. सर पाठीवर चढले आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर म्हणाले, "डावीकडे."

व्हॅनमध्ये ऊब होती. सरांनी दोन्ही हात हवेच्या जाळीसमोर धरले, बोटं पसरून, आणि रस्ताभर बोलत राहिले. एक शब्द, एक श्वास, एक शब्द, एक श्वास. पाणी अडवणं म्हणजे काय, सोडणं म्हणजे काय, इंजिनाला ताप का लागतो, आणि स्टिकर चिकटवणाऱ्या माणसाला गाडीचा परवाना देणाऱ्याला आधी आत टाकलं पाहिजे. उस्तादने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. "हो सर" म्हणत होता आणि नेहमीपेक्षा किती तरी जोरात गाडी हाकत होता.

हॉस्पिटलच्या दारात त्याची बायको चाकांची खुर्ची घेऊन उभीच होती. सर खुर्चीत बसले. डोकं मागे टेकलं, डोळे मिटले, आणि ती त्यांना आत ढकलायला लागली तसे त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. मान न वळवता म्हणाले, "गाढवा."

"हो, सर?"

"बाकीचं परत जाताना."

खुर्ची आत गेली. मी पोस्टमनकाकांना उठवायला मागे वळले, तेवढ्यात उस्तादने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडायला लागला. कपाळ नेमकं हॉर्नवर. हॉर्न वाजत राहिला, तो रडत राहिला, आणि वॉचमन शिट्टी फुंकत आमच्याकडे धावत आला.